इन्फ्रारेड उपग्रहचित्राला तापमानाची रंगपट्टी कशी लावायची

मे महिन्यात आपल्या मोबाइलवर दोन प्रकारची लालभडक उपग्रहचित्रं येऊन पडतात. एकात विदर्भ लाल दिसतो. तिथे लाल म्हणजे उन्हाने तापलेली जमीन. दुसऱ्यात अरबी समुद्रातलं चक्रीवादळ लाल दिसतं, आणि तिथे लाल म्हणजे शून्याखाली सत्तर अंशांच्या आसपास गोठलेले ढगांचे माथे. दोन्ही चित्रं इन्फ्रारेडचीच आणि रंगही तोच, पण अर्थ अगदी उलटा. हा फरक सांगते फक्त कडेची रंगपट्टी, आणि चित्र पुढे ढकलताना सगळ्यात आधी कापली जाते ती हीच पट्टी.

म्हणून असं चित्र एकदा तरी स्वतः बनवून पाहावं. या लेखात आपण १७ मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ घेऊ. त्या दिवशी ते मुंबईच्या पश्चिमेने गुजरातकडे चाललं होतं आणि रात्री सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर दीवजवळ धडकलं. लागेल ते सगळं फुकट मिळतं: क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर, नासाच्या साठ्यातली एक फाइल आणि एक मोकळी संध्याकाळ. प्रोग्रामिंग येत नसलं तरी अडणार नाही.

उपग्रह नेमकं काय मोजतो

सुमारे ११ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास हवा बऱ्यापैकी पारदर्शक असते. त्यामुळे खालून येणारी उष्णतेची प्रारणं फारशी न अडता उपग्रहापर्यंत पोचतात. आकाश निरभ्र असेल तर ती समुद्राची किंवा जमिनीची असतात, आणि दाट ढग असेल तर ढगाच्या माथ्याची. त्या प्रारणांवरून काढलेल्या तापमानाला ब्राइटनेस टेंपरेचर म्हणतात. उंच जावं तशी हवा थंड होत जाते, म्हणून जितका थंड माथा तितका उंच ढग. आपल्याकडे उणे ७० अंशांचा माथा म्हणजे साधारण चौदा किलोमीटरवर पोचलेला ढग.

दोन गोष्टी इथेच मनात पक्क्या कराव्यात. एक, हे तापमान आपल्या अंगाला लागणाऱ्या हवेचं नाही. दोन, थंड माथा म्हणजे खाली पाऊस असं समीकरण नाही. पिंजलेल्या कापसासारखे पातळ उंच ढग थंड दिसतात, पण त्यांतून थेंबही पडत नाही. उलट पश्चिम घाटात कमी उंचीच्या ढगांतून धो धो पाऊस पडत असतो आणि इन्फ्रारेडमध्ये तो ढग अगदी साधा दिसतो. या दोन्ही गोष्टींचा पुढे पट्टीवरच्या मजकुराशी संबंध येणार आहे.

फाइल मिळवणं

भारताच्या इन्सॅट उपग्रहांचा डेटा इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावर मिळतो. त्याकडे शेवटी येऊ, कारण पहिल्याच दिवशी तो जरा जड जातो. सुरुवातीला नासाच्या साठ्यातला ‘मर्ज्ड आयआर’ घ्या. त्यात जगभरच्या भूस्थिर (पृथ्वीच्या एकाच भागावर कायम नजर ठेवणाऱ्या) उपग्रहांची इन्फ्रारेड चित्रं जोडून ६० उत्तर ते ६० दक्षिण अक्षांशांमधला एकच पट्टा तयार केलेला असतो. एक ठिपका साधारण चार किलोमीटरचा, आणि आकडे थेट केल्व्हिनमध्ये. नासाच्या अर्थडेटा संकेतस्थळावर मोफत खातं उघडलं की फाइल उतरवता येते.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस आणि तास सलग लिहिलेले असतात. आपल्याला २०२१०५१७०६ ही फाइल हवी. शेवटचा ०६ हा तास जागतिक वेळेचा आहे. त्यात साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ येते, सकाळचे साडेअकरा. एका फाइलमध्ये दोन चित्रं असतात, पहिलं तासाचं आणि दुसरं त्यानंतर अर्ध्या तासाचं. म्हणजे बँड १ साडेअकराचा आणि बँड २ बाराचा. हे कागदावर टिपून ठेवा. पुढे पट्टीवर वेळ लिहिताना नेमका इथेच घोळ होतो.

केल्व्हिनचं सेल्सिअस

क्यूजीआयएस उघडून फाइल आत ओढा. कोणता थर हवा असं विचारेल, तेव्हा ‘टीबी’ (म्हणजे ब्राइटनेस टेंपरेचर) निवडा. चित्र काळं-पांढरं आणि अख्ख्या जगाचं येईल. रास्टर मेन्यूतल्या एक्स्ट्रॅक्शनखाली ‘क्लिप रास्टर बाय एक्स्टेंट’ आहे, त्याने ६० ते ८५ पूर्व आणि ५ ते ३० उत्तर एवढाच तुकडा कापून घ्या. संगणक हलका चालेल.

मग रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये बँड १ मधून २७३.१५ वजा करून नवी फाइल लिहा. एवढंच गणित. पण ते झाल्यावर लगेच थराची किमान आणि कमाल किंमत बघा. किमान उणे ९० च्या आसपास आणि कमाल ५० च्या आत-बाहेर असेल तर ठीक. किमान आकडा उणे दहा हजारांच्या घरात दिसला, तर उपग्रहाची माहिती नसलेल्या जागी भरलेला उणे ९९९९ हा आकडाही वजाबाकीत ओढला गेलाय. मूळ थराच्या गुणधर्मांत ट्रान्सपरन्सीखाली उणे ९९९९ ही ‘नो डेटा’ किंमत म्हणून नोंदवा आणि पुन्हा वजाबाकी करा. तसं न करता पुढे गेलात तर आपोआप बनणारी रंगपट्टी उणे दहा हजारांपासून सुरू होईल आणि सगळं वादळ एकाच रंगात बुडेल.

आता आयडेंटिफायचं बटण घेऊन चित्रावर टिचक्या मारा. ही पायरी कुणी सांगत नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. निरभ्र समुद्रावर टिचकी मारली तर २० ते २४ च्या आसपास आकडा यायला हवा. मे महिन्यातलं समुद्राचं पाणी त्याहून गरम असतं, पण मधल्या दमट हवेतल्या बाष्पामुळे उपग्रहाला ते थोडं थंड दिसतं. दख्खनच्या उघड्या जमिनीवर भर दुपारच्या सुमारास आकडा बराच वर जातो. वादळाच्या दाट ढगांवर तो उणे ७०, उणे ८० पर्यंत उतरतो आणि मधल्या डोळ्यावर पुन्हा उसळी मारून वर येतो. एवढं दिसलं की आपले आकडे शहाणे आहेत असं समजा. रंग त्यानंतरच.

टप्पे कुठे पाडायचे

बहुतेक नवशिके थेट रंगांची निवड करायला बसतात. खरं काम टप्प्यांचं आहे, म्हणजे कोणत्या आकड्याला रंग बदलणार याचं. सॉफ्टवेअरवर सोडलं तर ते उणे ९० ते ५० या पल्ल्याचे सारखे भाग पाडून देतं. त्यातले निम्मे रंग जमीन आणि समुद्र यांच्यावर खर्च होतात, आणि ज्या ढगांसाठी एवढा खटाटोप केला त्यांच्या वाट्याला दोन-तीन छटा येतात.

म्हणून टप्पे हाताने घाला. शून्याच्या वर खूप तपशील नको, २० आणि ० या दोन रेषा पुरे. त्याखाली उणे २० आणि उणे ४०. उणे ४० ला मान आहे, कारण साधारण त्या तापमानाला ढगातलं अतिथंड पाणीसुद्धा द्रवरूपात टिकत नाही, आपसूक गोठतं. त्याहून थंड माथा दिसला की वरचा ढग बर्फकणांचा आहे असं धरून चालता येतं. उणे ४० नंतर मात्र दर दहा अंशांना टप्पा: उणे ५०, ६०, ७०, ८०. वादळाचा जोर वाढतोय की ओसरतोय हे याच भागात कळतं. भारतीय हवामान खात्याच्या चक्रीवादळ-पत्रकांत ढगमाथ्याचं किमान तापमान उणे ९३ अंश असल्याचं वाक्य वारंवार येतं, म्हणून उणे ८० च्या खालचा शेवटचा कप्पा उघडा ठेवा.

हे क्यूजीआयएसमध्ये असं करायचं. थराच्या सिंबॉलॉजीत जाऊन ‘सिंगलबँड स्यूडोकलर’ निवडा आणि इंटरपोलेशनच्या जागी ‘डिस्क्रीट’. मग अधिकच्या चिन्हाने ओळी वाढवत थंडाकडून उष्णाकडे उणे ८०, ७०, ६०, ५०, ४०, २०, मग ०, २० आणि शेवटी ‘इन्फ’ (म्हणजे अनंत) अशा नऊ किमती घाला. डिस्क्रीटमध्ये लिहिलेला आकडा त्या कप्प्याची वरची हद्द असतो, खालची नाही. म्हणजे उणे ७० समोरचा रंग उणे ८० ते उणे ७० या कप्प्याला लागतो. हे उलटं समजून घेतलं तर सगळी पट्टी एका घराने सरकते, आणि चित्र दिसायला छान असल्यामुळे ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

एक शंका नेहमी येते: बरोबर उणे ४० असलेला ठिपका कोणत्या कप्प्यात? इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. मूळ आकडे दशांशाविना, पूर्णांक केल्व्हिनमध्ये आहेत. २३३ केल्व्हिनचे होतात उणे ४०.१५ आणि २३४ चे उणे ३९.१५, मध्ये काही नाही. यावरून आणखी एक धडा: पट्टीवर दशांश लिहू नका. जो काटेकोरपणा मोजमापात नाही तो पट्टीवर दाखवायचा कशाला?

सलग वितळत जाणारे रंग नाही का वापरायचे? वापरा, पण एक अडचण ठाऊक असू द्या. ‘लिनिअर’ निवडलं की क्यूजीआयएस सुंदर सलग पट्टी देतं, आणि तिच्यावर फक्त दोन टोकांचे आकडे लिहितं. मधले आकडे नसलेली पट्टी वाचकाच्या काही कामाची नाही. पहिल्या चित्रासाठी कप्पेच बरे.

रंग

उणे ४० पेक्षा उष्ण असलेल्या सगळ्याला राखाडी छटा द्या. २० च्या वर गडद राखाडी, मग फिकट होत होत उणे २० ते उणे ४० ला जवळजवळ पांढरा. थंड ते पांढरं ही इन्फ्रारेड चित्रांची जुनी रीत आहे, त्यामुळे ढग ढगांसारखे दिसतात. उणे ४० च्या खाली रंग सुरू: फिकट पिवळा, केशरी, विटकरी, गडद किरमिजी, आणि उणे ८० च्या खाली काळपट जांभळा.

हिरवा मुद्दाम टाळलाय. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं आपल्या वाचकांत असतातच. शिवाय इंद्रधनुष्यी पट्टीत पिवळ्या जागी डोळ्याला एक कड दिसते, जी आकड्यांत नसते. याच कारणांनी पायथनमध्ये आलेख-चित्रं काढायच्या मॅटप्लॉटलिब या साधनानेही आवृत्ती २.० पासून जुनी इंद्रधनुष्यी ‘जेट’ पट्टी सोडून ‘विरिडिस’ धरली. आपल्या रंगसंगतीतही एक खोट आहेच. कृष्णधवल छपाईत तापलेली जमीन आणि सर्वांत थंड ढग दोन्ही गडद उमटतील. वर्तमानपत्राच्या आतल्या पानासाठी चित्र हवं असेल तर रंग बाजूला ठेवून साधी काळी-पांढरी पट्टी द्या.

अर्थ सांगणारी पट्टी नसेल तर काय होतं याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे चक्रीवादळाची तीव्रता ठरवणाऱ्या ड्वोराक पद्धतीची ‘बीडी’ पट्टी. तीत रंग नाहीत, फक्त राखाडी छटा आहेत, आणि त्याही उलटसुलट. उणे ६४ ते उणे ६९ काळा, लगेच उणे ७० ते उणे ७५ पांढरा, त्याखाली पुन्हा राखाडी. तज्ज्ञाला वादळाच्या डोळ्याभोवतीचं काळं किंवा पांढरं कडं एका नजरेत ओळखता यावं म्हणून ती तशी आखली आहे. पण पट्टी पाहिली नसेल तर त्या चित्रातून काही म्हणजे काही उमगत नाही.

रंग दिल्यावर त्याच खिडकीत खाली रिसॅम्पलिंगचा पर्याय आहे. तिथे ‘निअरेस्ट नेबर’ असू द्या. ‘बायलिनिअर’ केलं की कडा मऊ होतात, पण सॉफ्टवेअर आकड्यांऐवजी रंगच एकमेकांत कालवतं. मग केशरी आणि पांढऱ्याच्या मध्ये असे रंग उमटतात जे पट्टीत कुठेच नाहीत.

पट्टीवर काय लिहायचं

प्रोजेक्ट मेन्यूतून नवा प्रिंट लेआउट उघडा, नकाशा ठेवा, मग लेजंड, म्हणजे आपली रंगपट्टी, ठेवा. डिस्क्रीटमुळे लेजंडमध्ये नऊ चौकोन येतील आणि त्यांच्यापुढे लहान-मोठ्याच्या खुणांसह आकडे. हे वाचकाला दाखवण्याजोगं नाही. ‘ऑटो अपडेट’ची खूण काढा आणि प्रत्येक ओळीवर दोनदा टिचकी मारून मजकूर मराठीत लिहा:

−८० पेक्षा थंड
−८० ते −७०
−७० ते −६०

आणि याच पद्धतीने शेवटच्या ‘२० पेक्षा उष्ण’पर्यंत. इथे साधी जोडरेघ न वापरता खरं वजाबाकीचं चिन्ह वापरा. जोडरेघ बारीक असते, मोबाइलच्या पडद्यावर ती गळून पडते आणि उणे ७० चे अधिक ७० होतात. ‘−८० ते −७०’ मधल्या ‘ते’ऐवजीही रेघ नको, दोन रेघा शेजारी आल्या की वाचणारा गोंधळतो.

अक्षरांसाठी मुक्ता, बालू किंवा नोटो सान्स देवनागरी यांपैकी काहीही चालेल. क्यूजीआयएसमध्ये जोडाक्षरं नीट उमटतात. हेच काम पुढे पायथनच्या मॅटप्लॉटलिबमध्ये कराल तेव्हा जपून. तिथे देवनागरीची वेलांटी भलत्या जागी पडू शकते आणि जोडाक्षर फुटतं. शिवाय काही देवनागरी फॉन्टमध्ये वजाबाकीचं चिन्हच नसतं, मग आकड्याआधी रिकामा चौकोन दिसतो. अशा वेळी चित्र आणि रंग पायथनमध्ये करून मजकूर वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चढवणं सोपं पडतं.

लेजंडच्या मथळ्यात नुसतं ‘तापमान’ लिहू नका. वाचणारा त्याचा अर्थ ‘आज किती गरम आहे’ असाच घेणार. माझ्या मते पट्टीजवळ एवढा मजकूर तरी असावा:

उपग्रहाला दिसलेलं तापमान, अंश सेल्सिअस
इन्फ्रारेड, सुमारे ११ मायक्रॉन
१७ मे २०२१, सकाळी ११:३० (भारतीय वेळ)
रंगीत भाग: उंच, थंड ढगांचे माथे. हा पावसाचा नकाशा नाही.
डेटा: नासा, मर्ज्ड आयआर

चौथी ओळ काहींना जादा वाटेल. पण पट्टी काटेकोर असली तरी लोक लाल रंगाला पाऊसच समजतात, आणि चित्र हातोहात फिरताना ते सांगायला तुम्ही सोबत नसता. ती ओळ काढायची वेळ आलीच तर त्याआधी दुसरी काढा, मायक्रॉन विचारणारे कमी असतात.

पट्टी नकाशाच्या चौकटीच्या आतच, मोकळ्या समुद्राच्या कोपऱ्यात बसवा. बाहेर पांढऱ्या जागेत ठेवली तर कुणीतरी ती कापणार हे ठरलेलं. तौक्तेच्या चित्रात खालचा डावा कोपरा बघा, तिथे वादळाचा गाभा नाही. लेजंडमागे अर्धपारदर्शक पांढरी पार्श्वभूमी मात्र देऊ नका. खालच्या ढगांची झाक चौकोनांभोवती आली की रंग वेगळेच भासतात. पार्श्वभूमी ठोस पांढरी असू दे.

किनारा आणि गावं

किनाऱ्याची रेषा नसेल तर वादळ कुठे आहे ते कळत नाही. नॅचरल अर्थ या नकाशांच्या साठ्यातला किनाऱ्याचा थर मोफत आहे. पातळ काळी रेघ आणि तिला बारीक पांढरी कड दिली की ती राखाडीवरही दिसते आणि किरमिजीवरही. मुंबई, रत्नागिरी, पणजी आणि वेरावळ एवढे ठिपके पुरेत. देशाची सीमा दाखवायची असेल तर नॅचरल अर्थची वापरू नका. भारतात छापायच्या नकाशासाठी सर्व्हे ऑफ इंडियाचीच सीमा धरावी. या चित्राला सीमेची गरज नाही, किनारा आणि फार तर राज्यांच्या रेषा यांवर भागतं.

पुढची पायरी: इन्सॅट

हात बसला की मोसडॅककडे वळा. इन्सॅट-३डीआर सप्टेंबर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये अवकाशात गेला. दोघांच्याही कॅमेऱ्याला सहा पट्टे आहेत, प्रत्येक वेगळ्या तरंगलांबीचा. आपल्याला हवा तो ‘टीआयआर-१’, १०.३ ते ११.३ मायक्रॉनचा, चार किलोमीटर ठिपक्याचा. बाष्पाचा पट्टा वेगळा असतो, त्याला हीच रंगपट्टी लावू नका. तो वातावरणाच्या वरच्या-मधल्या थरातली वाफ दाखवतो आणि त्यात जमीन दिसतच नाही.

इथला मोठा फरक असा की फाइलमधले आकडे तापमान नसतात. ते ० ते १०२३ मधले नुसते काउंट असतात, आणि त्याच फाइलमध्ये १०२४ ओळींचा एक तक्ता असतो. कोणत्या काउंटचं किती केल्व्हिन ते त्यात बघायचं. काउंटलाच रंग देऊन खाली अंश सेल्सिअस लिहिलेली चित्रं मी पाहिली आहेत. दिसायला बरोबर, आकड्यांनी साफ चूक. तक्ता लावणं पायथनमध्ये दोन ओळींचं काम आहे. ते जमेपर्यंत मर्ज्ड आयआर सोडू नका. वेळेबाबतही एक टीप: अख्खी पृथ्वी टिपायला इन्सॅटच्या कॅमेऱ्याला साधारण २६ मिनिटं लागतात आणि फाइलवरची वेळ सुरुवातीची असते. म्हणून पट्टीवर ‘सुमारे’ लिहिणं प्रामाणिकपणाचं.

आणि कुणी पट्टी नसलेलं तयार रंगीत चित्र देऊन ‘याला तापमानं लिहून दे’ म्हणालं तर नाही म्हणा. रंगावरून आकडा ओळखायला मूळ पट्टीच लागते, दुसऱ्या संस्थेची पट्टी उसनी आणून चालत नाही.

जपून ठेवणं आणि पाठवणं

रंगांची मांडणी ‘सेव्ह स्टाइल’ने फाइलमध्ये साठवा. बँड २ घ्या किंवा दुसऱ्या दिवसाची फाइल, हीच स्टाइल चढवा. टप्पे एकदा बदलले की दोन चित्रांची तुलना करता येत नाही, त्यामुळे एका वादळाच्या मालिकेत मोह झाला तरी त्यांना हात लावू नका. लेआउटमधून चित्र पीएनजीमध्ये काढा, जेपीजीत कप्प्यांच्या कडांना डाग पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि त्याआधी ते स्वतःच्या फोनवर उघडून उणे चिन्हं दिसतात का तेवढं बघा. दिसत नसतील तर लेजंडची अक्षरं दोन-तीन पॉइंटांनी वाढवून पुन्हा काढा.